डोंगरच्या राजाची बहीण

चाकणच्या बाजारातून दादानं ती चोपडी आणली तेव्हा मी मुलींच्या वह्या तपासत बसले होते. त्यानं ती वह्यांवरच टाकली आणि म्हणाला, "यंदाच्या गणपतीत आम्ही हे बसवणार. नाटक करून दे."

पातळ गुलाबी कागदाचं वेष्टन, त्यावर घोड्यावर बसलेला, मोठा फेटा बांधलेला माणूस. हातात बंदूक. घोड्याचे मागचे पाय चित्रकारानं उलट्या बाजूला वाकवले होते. आत एक लांबलचक पोवाडा होता, चाकणच्या पलीकडच्या डोंगरात लपून राहणाऱ्या एका दरोडेखोराचा आणि त्याच्या चाळीस साथीदारांचा. त्याचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या नात्यातली माणसं अजून असतील. त्या भागात सगळे त्याला डोंगरचा राजाच म्हणत. पोवाड्यानुसार तो होऊन चाळीस वर्षं झाली होती.

आम्ही मूळचे कऱ्हाडकडचे. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना निघाला, दादाला बाटल्या भरण्याच्या खात्यात काम मिळालं, आणि त्यानं चिंचवड गावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी सातवीची फायनल पास झाले होते. तिथल्या मुलींच्या शाळेत जागा निघाली म्हणून मीही दादा-वहिनींकडे राहायला आले. मी तेव्हा वीस वर्षांची होते. शाळेत मला बाई म्हणत आणि घरी अजून चिमटे बसत, असं ते वय.

दादाला नाटकाचं वेड होतं. त्याच्या जोडीला आता सिनेमाचंही लागलं. कासारवाडीच्या मोकळ्या रानात तंबूतला सिनेमा यायचा. त्यात मुंबईच्या टोळ्यांचे हिंदी खेळ फार चालायचे. तिरकी टोपी, तोंडात सिगारेट, भिंत सरकवून उघडणारं दार, खाली तळघर. असा एखादा खेळ आठवडाभर टिकला की पुढचे पंधरा दिवस कारखान्याच्या फाटकातून सुटणारी निम्मी पोरं डोळे बारीक करून बोलत. वहिनीनं एकदा दादाला भाजी आणायला सांगितली, तर तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "काम होऊन जाईल." वहिनी म्हणाली, "पिशवी घेऊन जा."

मला या सगळ्याचं नवल वाटायचं. हाच दादा त्याच्या सायकलची घंटा चोरीला गेली तेव्हा तीन दिवस त्या चोराच्या सात पिढ्या उद्धारत होता. कामावर निघताना दाराला कडी घालून परत येऊन ती ओढून बघायचा. आणि पडद्यावर तिजोरी फोडणारा दिसला की टाळ्या. हे असं का, ते मला त्याला विचारायचं होतं, पण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "तुम्हा बायकांना नाटकातलं काही कळत नाही."

मी चोपडी तीनदा वाचली. नाटक करायला घेतलं तशी माझ्या डोक्यात प्रश्न उगवायला लागले. मी वहीच्या मागच्या पानावर लिहूनच काढले. चाळीस घोड्यांना डोंगरात चारा कुठून मिळत होता? चाळीस माणसांच्या भाकऱ्या कोण थापत होतं? आणि सगळ्यात मोठा प्रश्न होता तो पोवाड्यातल्या गाजलेल्या प्रसंगाचा. राजा कुरुळीत एका दुकानदाराचं घर लुटायला जातो. घरात नवी नवरी असते. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून राजाचे डोळे भरून येतात. तो हात जोडून म्हणतो, "तू माझी धाकटी बहीण", घेतलेले दागिने तिच्या ओटीत घालतो आणि वर एक खण देऊन निघून जातो. ही ओळ सगळ्यांना पाठ होती. दादानं चोपडी आणली ती त्या ओळीसाठीच. राजाचं काम तोच करणार होता.

आमच्याकडे कुरुळीची एक बाई कांदे आणि शेंगा विकायला यायची. एका दुपारी मी तिला सहज विचारलं, "मावशी, तुमच्या गावात त्या राजानं खरंच दरोडा घातला होता का हो?"

"घातला व्हता की." ती तराजू खाली ठेवून म्हणाली. "त्याची भन हाय ना अजून. आमच्या वरल्या आळीला ऱ्हाती."

"कोणती बहीण?"

"ती न्हवं का, जिला खण दिला."

चोपडीतलं माणूस, आणि ते आपल्या घरापासून काही कोसांवर चूल पेटवतं आहे! त्या रात्री मी दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "वा! मग तर जाहिरातीत घालू." पण रविवारी यायला तयार झाली ती वहिनी. तिला नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं, पण एकट्या पोरीला कोण पाठवणार? शिवाय मला वाटतं, तिलाही बघायचंच होतं.

चिंचवडहून गाडीनं कासारवाडी, तिथून भोसरीपर्यंत पायी, आणि भोसरीला नाशिक रस्त्यावर एस.टी.ची वाट बघत झाडाखाली दीड तास. मोशी गेलं, इंद्रायणी ओलांडली, आणि कुरुळीला कंडक्टरनं आम्हाला उतरवलं तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दोन्ही बाजूंना नुसतं रान होतं, बाजरी गुडघ्याला आलेली. आज तिथे कारखान्यांच्या भिंती आहेत, मला वाट सापडायची नाही.

घर साधंच होतं, मातीच्या भिंती आणि कौलं. ओसरीवर पंचावन्न-साठीची बाई शेंगा फोडत बसली होती. अंगानं बारीक, हात भराभर चालणारे. डोक्यावरचा पदर दोन्ही बाजूंनी गालापर्यंत ओढून तिनं हनुवटीखाली खोचला होता. आम्ही चिंचवडहून आलो, मी शाळेत शिकवते, वगैरे सांगितलं.

"परत लुगडंवालं का?" तिनं विचारलं.

"लुगडंवाले कोण?"

तेव्हा कळलं की काही वर्षांपूर्वी चाकणला एका तमाशाच्या फडानं राजाचा वग केला होता. त्या वेळी तिला गाडीतून नेलं, खुर्चीवर बसवलं, "ही बघा राजाची बहीण" म्हणून लोकांना दाखवलं आणि लुगडं दिलं.

"लुगडं चांगलं व्हतं," ती म्हणाली. "सनासुदीला नेसते अजून."

मी म्हटलं, आम्ही काही द्यायला आलेलो नाही, विचारायला आलोय. तो खरंच तुम्हाला बहीण म्हणाला का?

ती माझ्या हातातल्या चोपडीकडे बघून म्हणाली, "त्यात समदं लिवलंय व्हय? मला वाचता येत न्हाई. वाचा बरं आदी."

मी वाचायला लागले. इतकी वर्षं लोक ते गात होते, पण तिनं पोवाडा सलग कधी ऐकलाच नव्हता. ती जवळ आली की गाणारे फक्त तिची ओळ गाऊन दाखवत. ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट असल्यासारखं ऐकत होती. मध्येच तिनं मला थांबवलं.

"घोडी किती म्हनलीस?"

"चाळीस."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "अगं लेकी," ती डोळे पुसत म्हणाली, "आमच्या आळीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं सारावं लागतंया. चाळीस घोडी कुठनं शिरली?"

"मग किती होती?"

"एक बी न्हाई. आठ मानसं व्हती. पायी आली. दिवं लागायच्या वक्ताला. पायात धड पायतान बी नव्हतं समद्यांच्या."

मग ती आपणहून बोलायला लागली. लग्न होऊन चारच महिने झाले होते. वय असेल चौदा-पंधरा. सासरे घरातच किराणा विकत. त्या दिवशी ती चुलीपुढे होती. दोन माणसं आत आली, चार परसदारी गेली, एक दारात उभा राहिला, आणि आठवा ओसरीवर बसला. तोच राजा.

"दिसायला कसा होता?" मी विचारलं. मला फेटा, मिशा, काहीतरी हवं होतं.

"खोकत व्हता," ती म्हणाली. "सारखा खोकत व्हता. आन् भुकेला व्हता. त्यानं भाकरीची दुरडी वडून घेतली आन् खायाला लागला. मधीच म्हनला, मीठ द्या. सासूबाईंनी मीठ दिलं."

"आणि तुम्हाला काय म्हणाला?"

"मला काय म्हननार? त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई. आतल्या दोघांनी माझ्या बुगड्या वडल्या."

असं म्हणून तिनं हनुवटीखालचा पदर सोडला. दोन्ही कानांच्या वरच्या कडा फाटून चिरलेल्या होत्या, आणि फाटलेलं तसंच भरून आलं होतं. वहिनीच्या तोंडून "आई गं" निघालं. मला पुढचा प्रश्न सुचेना आणि प्रश्न नसला की मला काय करायचं ते कधीच कळत नाही.

वहिनीनं विचारलं, "मग ते बहिणीचं कुठून आलं, मावशी?"

तिनं दारातून बाहेर बघितलं. मुलगा रानात होता, सून पाण्याला गेली होती. "ते मालकांनी आनलं," ती म्हणाली.

दरोडेखोर आले तेव्हा तिचा नवरा घरातच होता. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. आवाज ऐकला तसा तो धान्याच्या कणगीत शिरला आणि वर सूप ओढून बसला. टोळी गेल्यावरही बराच वेळ बाहेर आला नाही. सकाळी गाव गोळा झालं. नवरीच्या कानांवर सासूनं पदर बांधून टाकला होता, पण गळ्यात मंगळसूत्र तसंच होतं. काळे मणी आणि मध्ये दोन बारीक सोन्याचे, पदराखाली कुणाला दिसलेच नव्हते. कुणीतरी विचारलं, ते कसं राहिलं? आणि तू कुठं होतास रे?

"मानसानं काय सांगावं मग?" ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं, मी म्होरं झालो, हात जोडलं, तवा राजा म्हनला, ही माझी भन. लोकांला बरं वाटलं. मग दोन वर्सांनी एक शाहीर आला, त्यानं इचारलं. तवर खणबी आला व्हता त्यात."

"आणि तुम्ही?"

"मी गप बसले. आता काय, त्यांनी सांगितलं ते सांगितलं. चांगला व्हता मानूस. उभ्या जल्मात मला हात लावला न्हाई, का वाकडं बोलला न्हाई. म्हातारपनी तर त्यांला सवताला बी खरं वाटाया लागलं. पाव्हनं आलं की मला म्हनायचं, सांग की त्यांला, तुझा भाऊ कसा व्हता." ती पुन्हा पदर नीट करू लागली. "चार वर्सं झाली त्यांला जाऊन."

निघताना मी विचारलं, हे नाटकात लिहिलं तर चालेल का. "कानाचं लिव," ती म्हणाली. "कणगीचं लिवू नगंस. त्यांचं नाव जाईल."

मी शब्द दिला, आणि तेव्हा पाळला. आज त्या घरातलं कुणीही उरलेलं नाही, नाव मी लिहिलेलं नाही आणि गाव पार बदलून गेलंय, म्हणून इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

त्या आठवड्यात मी प्रवेश नव्यानं लिहिला. राजा ओसरीवर बसून भाकरी खातो आहे. आत त्याची माणसं नवरीच्या बुगड्या ओढतात. राजा म्हणतो, "मीठ द्या." बस्स, एवढंच.

दादानं वाचलं आणि कागद खाली ठेवला. "हे काय आहे?"

"झालं ते असंच झालं. मी तिला विचारून आलेय."

"अगं, पण लोक राजा बघायला येणार. हा तर कुणी उपाशी भामटा वाटतो."

"उपाशीच होता तो."

"मग त्याचा पोवाडा कशाला झाला असता?"

हा मात्र खरा प्रश्न होता. कणगीचं सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "कारण खरं कुणी विचारलंच नाही." दादा म्हणाला, "लोकांना खरं माहीत नाही असं तुला वाटतं? दरोडेखोर कसे असतात ते मलाही माहीत आहे. आठ तास बाटल्या भरून आलेल्या माणसाला निदान एकदा तरी कुणीतरी मोठ्या मनाचा बघावासा वाटतो." मला राग आला होता, तरी हे वाक्य मी विसरले नाही. सायकलच्या घंटेबद्दल मला जे विचारायचं होतं त्याचं अर्धं उत्तर त्यात होतं.

तिढा सुटला तो नवरीचं काम करणाऱ्या माणसामुळे. कारखान्याच्या नाटकात बायका कुठल्या यायला? मालवणकडचा एक किरकोळ बांध्याचा कामगार दर वर्षी स्त्रीपार्ट करायचा. पॅकिंग खात्यात होता, कमी बोलायचा. तालमीला त्यानं दोन्ही प्रवेश वाचले आणि नव्यावर बोट ठेवून दादाला म्हणाला, "माका हो नवो होयो." दादा म्हणाला, यात तुला एकसुद्धा वाक्य नाही. तो म्हणाला, "म्हणानच." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "बाई, ती आरडली काय? की गप रवली?"

मी हे विचारलंच नव्हतं. वीस प्रश्न लिहून नेले होते, आणि हा राहिला होता. कांदेवालीकडून निरोप पाठवला, आठवड्यानं उत्तर आलं. "वरडले न्हाई म्हनावं. वरडायच्या आत सासू म्हनली, पदर घे."

नाटकाच्या दिवशी दिवस मावळायच्या आतच पडदा वर गेला, कारण शेवटच्या पाळीवाल्यांना कामावर जायचं होतं. कामगारांच्या घरांपुढच्या मैदानात फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. पुढे सतरंज्यांवर पोरंबाळं, एका बाजूला बायका, मागे सायकली धरून उभे असलेले पुरुष. पिंपरीच्या कँपातली काही निर्वासित सिंधी कुटुंबंही आली होती. त्यांना भाषा पुरती कळत नव्हती, पण दरोडेखोर कळत होता. आणि कुरुळीहून, कांदेवालीबरोबर, ती आली होती. मी तिला बायकांच्या पहिल्या रांगेत वहिनीशेजारी बसवलं. कुणालाही सांगितलं नाही ती कोण ते. दादाला जाहिरात करायची होती, पण वहिनीनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो पुन्हा बोलला नाही.

दादा फेटा बांधून आला आणि शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. खरं सांगते, तो छान दिसत होता. पहिले तीन प्रवेश लोकांनी डोक्यावर घेतले. मग कुरुळीचा प्रवेश आला. दादा ओसरीवर बसला आणि भाकरी खायला लागला. लोक हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. आत दोघांनी नवरीला धरलं. त्या मालवणी माणसानं आवाज काढला नाही. नुसता एक हात कानावर नेला, आणि बोटं वाकवून तसाच धरून ठेवला. हसू थांबलं. "मीठ द्या," दादा म्हणाला.

आणि मागून एकजण ओरडला, "बहीण म्हण की तिला!"

दुसरा ओरडला, "ए, असं न्हाई ते!" मग चहूकडून सुरू झालं. "भन म्हन! खण दे!" दादा भाकरी हातात धरून बसला होता. त्यानं विंगेत माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. पुन्हा त्यानं लोकांकडे बघितलं. आणि तो उठला, दोन्ही हात जोडले, आणि भरल्या आवाजात म्हणाला, "तू माझी धाकटी बहीण."

टाळ्या थांबेनात. खण तर आणलेलाच नव्हता. दादानं आपला शेला काढून पुढे धरला. पण नवरीनं तो घेतला नाही. मालवणी माणूस कान तसाच धरून बसून राहिला, मग हळूच पदर घेऊन दोन्ही बाजूंनी ओढला आणि हनुवटीखाली खोचला. हे मी लिहिलेलं नव्हतं, कुणी शिकवलेलंही नव्हतं. टाळ्यांमध्ये ते किती जणांना दिसलं, कुणास ठाऊक.

नाटक संपल्यावर मी दादाशी बोलायचं नाही असं ठरवून विंगेत उभी होते. एवढ्यात वहिनी तिला घेऊन मागे आली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला बोलेल, तुम्हीही तेच केलंत म्हणून. ती सरळ त्या मालवणी माणसापुढे जाऊन उभी राहिली. तो अजून लुगड्यातच होता, तोंडावर रंग. तिनं आपला पदर सोडला, सगळ्यांदेखत.

"तू उजवा धरलास," ती त्याला म्हणाली. "आदी डावा गेला व्हता."

तो खाली वाकून तिच्या पाया पडला. "पुढल्या येळेक चुकचय नाय," तो म्हणाला. पुढची वेळ काही येणार नव्हती, ते त्यालाही माहीत होतं. दादा फेटा काखेत घेऊन बाजूला उभा होता. तिचे कान त्यानं पहिल्यांदाच बघितले. ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "तुमी चांगलं केलंत. मालक अस्तं तर लई खूश झालं अस्तं."

ती त्याला टोमणा मारत होती की खरंच बरं वाटून बोलत होती, ते मला त्या वेळी कळलं नाही, आणि दादाला तर नाहीच. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "शेकडो माणसं ओरडत होती. तू स्टेजवर नव्हतीस." मी म्हटलं, "नव्हते." पुढच्या वर्षी त्यानं पौराणिक नाटक बसवलं आणि लिहायला मला सांगितलं नाही.

कुरुळीला मात्र मी जात राहिले. दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्यात. तिला चोपडीचा उरलेला भाग ऐकायचा होता. शेवटी राजा चाकणच्या किल्ल्याशी एकटा लढता लढता पडतो, हातात बंदूक, तोंडावर हसू. ते वाचल्यावर ती म्हणाली, "न्हाई. त्याला जिता धरला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बघितला की. चाकणच्या बाजारातनं नेला त्याला. दोर बांधून. मी सासूसंगट बाजाराला गेलते. पोटूशी व्हते. पोलीस चाललं व्हतं दोन्ही बाजूंनी. लोक वाट सोडून उभं राहिलं. अगदी हितनं गेला, त्या खांबाएवढ्या अंतरावरनं."

"मग?"

"मला वाटलं, आता बघंल." तिनं शेंगा फोडायचं थांबवलं. "तवर गाणं झालं व्हतं ना. समदा बाजार मला ओळखत व्हता. लोक मला म्होरं ढकलाया लागलं, जा, तुझा भाऊ चाललाय. मी म्होरं गेले. त्यानं बघितलं माझ्याकडं, ह्या बारीला सरळ बघितलं. आन् म्हनला, पानी हाय का बाई?"

"दिलंत?"

"व्हतं कुठं माझ्याजवळ? नुसता बाजार व्हता हातात, मिरच्या आन् गूळ. मी गुळाचा खडा दिला. पोलिसानं दिऊ दिला."

पुढे त्याचं काय झालं, तुरुंगात गेला की फासावर, हे तिला ठाऊक नव्हतं. मी नंतर शाळेच्या कामानं पुण्याला जायची तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून बघितलं, कुणाला काही सांगता आलं नाही. तिनं गूळ का दिला, तेही मी विचारलं होतं. ती म्हणाली, "मागितलं ना त्यानं."

पुढे चार-पाच वर्षांनी, एका थंडीत, ती गेली. कांदेवालीनं सांगितलं तेव्हा तीन दिवस होऊन गेले होते. दहाव्याला मी एकटी गेले. तोवर मी मोठी बाई झाले होते, सोबत लागत नव्हती. ओसरीवर माणसं जमली होती आणि तिचा मुलगा पाहुण्यांना सांगत होता, माझी आई म्हणजे साधी बाई नव्हती, डोंगरच्या राजाची बहीण होती, राजानं तिला स्वतःच्या हातानं खण दिला. म्हातारे माना हलवत होते. मी ऐकत उभी राहिले. मध्ये बोलावं असं मला एकदाही वाटलं नाही, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तिची सून मला गोठ्याच्या बाजूला घेऊन गेली. तिच्या सासूला तिनंच शेवटची आंघोळ घातली होती. वीस वर्षं एका घरात राहून तिनं ते कान तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले.

"बाई, तुमाला ठावं असंल," ती म्हणाली. "तुमच्याशी लई बोलायच्या त्या."

मी तिला सांगितलं. आठ माणसं, भाकरी, मीठ, बुगड्या, सासूचं बोलणं, बाजारातला गूळ. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "आन् तवा मामंजी कुठं व्हतं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हशीच्या पाठीवरचा हात काढला. मग म्हणाली, "पानं वाढलीत. जेवून जावा, पाचची यष्टी मिळंल."